चमचाभर पाणी

बोरन्हाणाचा तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. चिऊ दहा महिन्यांची. काळं झबलं, कपाळावर हलव्याची बिंदी, गळ्यात हलव्याचा हार. भोवती आमच्या मंडळातली अकरा मुलं चुरमुरे आणि चॉकलेटं वेचताहेत. फोटो मोठा करून पाहिला की चिऊचे डोळे लाल दिसतात आणि नाक वाहताना दिसतं. हे मला त्या दिवशीही दिसलं होतं. "जेटलॅग आणि इथली थंडी, दुसरं काय!" असं मीच सगळ्यांना सांगत होते.

तो रविवार होता, १५ जानेवारी २०२३, संक्रांत. भारतातून न्यू जर्सीला परत येऊन आम्हाला आठ दिवस झाले होते. बुधवारी सकाळी चिऊच्या कानामागे आणि केसांच्या कडेला पुरळ दिसलं.

लेकीला गोवर झाला होता. अमेरिकेने २००० साली आपल्या देशातून संपला असं जाहीर केलेला गोवर आमच्या घरात बोरन्हाण उरकून बसला होता.

आधी एक कबुली देते. २०२२च्या हिवाळ्यात मुंबईत गोवराची साथ होती हे मला माहीत होतं. गोवंडीतल्या मुलांच्या मृत्यूच्या बातम्या मी वाचल्या होत्या. मालेगाव आणि भिवंडीची नावंही येत होती. वाचून वाईट वाटलं आणि मी पुढची बातमी उघडली. आमचं सासर ठाण्याचं आणि माहेर साताऱ्याचं. गोवंडी कुठे आणि आपण कुठे, असा हिशेब मनात कधी झाला ते कळलंही नाही. जणू विषाणू पिनकोड बघून घरात शिरतो! चिऊला तो नेमका कुठे लागला, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये असेल, लिफ्टमध्ये असेल, नाहीतर दुकानात. गोवर झालेला माणूस खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. लस न घेतलेली दहा माणसं त्याच्या जवळ आली तर नऊ जणांना लागण होते, इतका तो चिकट.

आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. इथे गोवराची लस, म्हणजे एमएमआर, बारा ते पंधरा महिन्यांच्या दरम्यान देतात. चिऊ त्यापेक्षा लहान, त्यामुळे लशीचा प्रश्नच नाही, असं मी धरून चालले होते. पण परदेशी जाणाऱ्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला प्रवासाआधी एक जादा डोस द्यावा, अशी इथली अधिकृत शिफारसच आहे. मी तिकिटं, व्हिसा, बेबी फूड, विमानातला पाळणा, सगळ्यांच्या याद्या केल्या होत्या. डॉक्टरांना "आम्ही भारतात चाललोय" हे एक वाक्य सांगायचं राहिलं.

तर पुरळ. गोवर म्हटलं की सगळ्यांना पुरळच आठवतं, पण ते येतं उशिरा. त्याआधी तीन-चार दिवस ताप, वाहणारं नाक, कोरडा खोकला आणि लाल, पाणावलेले डोळे. चिऊ उजेडाकडे बघायला तयार नव्हती. खिडकीतून उजेड आला की माझ्या खांद्यात तोंड खुपसायची. मंगळवारी रात्री ताप १०४ फॅरनहाइटपर्यंत गेला. बुधवारी कानामागून सुरू झालेलं पुरळ दुपारपर्यंत चेहऱ्यावर आणि मानेवर आलं, दुसऱ्या दिवशी पोटा-पाठीवर आणि तिसऱ्या दिवशी पार पावलांपर्यंत उतरलं. कांजिण्यांसारखे पाण्याचे फोड नव्हते. सपाट, कुठे किंचित उंच ठिपके होते आणि एकमेकांत मिसळून त्यांचे पट्टे होत होते.

इंटरनेटवरच्या फोटोंत गोऱ्या बाळांच्या अंगावर हे ठिपके लालभडक दिसतात. आमची चिऊ गव्हाळ. तिच्या अंगावर ते तांबूस-तपकिरी दिसत होते आणि दिव्याखाली तर जवळजवळ दिसतच नव्हते. हात फिरवला की जाणवायचे. नवरा म्हणाला, "उष्णतेचं असेल." मीही क्षणभर मान डोलावली. आपल्या मुलांच्या बाबतीत हे लक्षात ठेवायला हवं. नुसता लाल रंग शोधत बसू नये. कपाळ आणि कानामागची जागा बघावी, हात फिरवून पाहावा, आणि पुरळाच्या आधी काय काय झालं ते आठवावं.

दवाखान्यात फोन केला. "ताप, खोकला, लाल डोळे, पुरळ आणि नुकताच परदेश प्रवास" एवढं ऐकल्यावर पलीकडचा आवाज बदलला. आत येऊ नका, गाडीतच थांबा, मास्क लावा. मग मागच्या दारातून आम्हाला एका रिकाम्या खोलीत नेलं. मला आधी अपमान वाटला. मग समोरच्या वेटिंग रूममध्ये बसलेली तान्ही बाळं आठवली आणि अपमान गिळला.

डॉक्टरीणबाईंनी चिऊच्या तोंडात टॉर्च मारला आणि मला बोलावून दाखवलं. गालाच्या आत, लालसर कातडीवर रव्याचे कण सांडावेत तसे पांढुरके ठिपके. पुरळाच्या आधी येतात, एक-दोन दिवसांत जातात. ते दिसले की गोवराबद्दल फारशी शंका उरत नाही. तरी नाकातला, घशातला नमुना घेतला, रक्त घेतलं. मग त्यांनी सरळ सांगितलं, "या विषाणूला मारणारं औषध माझ्याकडे नाही. अँटिबायोटिकचा उपयोग नाही, कानात किंवा छातीत दुसरा जंतुसंसर्ग झाला तरच ते देऊ. आता तुमचं काम तिला आराम देणं आणि माझं काम गुंतागुंत होत नाही ना ते बघणं." व्हिटॅमिन एचे दोन डोस मात्र दिले. तिच्या वयाला एक लाख युनिटचा एक, आणि दुसऱ्या दिवशी तसाच दुसरा. त्याहून जास्त नाही आणि घरच्या घरी तर नाहीच. टेक्सासमध्ये २०२५ साली ७६२ जणांना गोवर झाला आणि शाळकरी वयाची दोन मुलं दगावली. त्या साथीत काही मुलांना पालकांनी मनानेच व्हिटॅमिन ए इतकं पाजलं होतं की त्यांच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या. ते वाचताना मला ही ताकीद आठवली.

घरी आल्यावर आईला व्हिडिओ कॉल केला. आई निवृत्त शिक्षिका, साताऱ्याला एकटी राहते. चिऊला बघताच म्हणाली, "गोवरच आहे गं." डॉक्टरांना टॉर्च लागला, आईला सहा इंचांचा पडदा पुरला. मग सूचना सुरू झाल्या. खोलीत अंधार कर. वारा लागू देऊ नकोस. चांगलं गुंडाळून ठेव, गोवर बाहेर पडला पाहिजे, आत दबता कामा नये. आंघोळ नको. घरात फोडणी द्यायची नाही. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेव.

"कडुलिंब कुठून आणू आई, इथे हिवाळा आहे!"

मागून नवरा म्हणाला, "कढीपत्ता चालेल का, विचार."

त्या आठवड्यात आम्ही हसलो ते तेवढंच.

आईच्या यादीतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, ते मी डॉक्टरीणबाईंना विचारून ठरवलं. अंधारी खोली ठेवली, कारण गोवरात डोळ्यांना उजेड खरोखरच टोचतो. फोडणी बंद केली. खोकणाऱ्या बाळाला मोहरी-मिरचीचा ठसका कशाला? पाहुणे बंद झालेच होते. पण गुंडाळणं सोडलं. तापलेल्या बाळावर शाली घातल्या तर ताप आणखी चढतो. एकच सुती झबलं, आणि अंगातून घामट वास यायला लागला की कोमट पाण्यात पिळलेल्या कापडाने पुसून घ्यायचं. पुरळ बाहेर आलं म्हणजे विषाणू बाहेर पडला असं नसतं. कातडीत शरीर त्या विषाणूशी लढतं, त्या लढाईच्या त्या खुणा. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावलेली असते अशा काही मुलांना पुरळ येतच नाही, आणि ती मुलं जास्त धोक्यात असतात. जुन्या बायकांनी 'गोवर बाहेर आला नाही, पोर गेलं' हे कदाचित असंच कुठे पाहिलं असेल. निरीक्षण खोटं नसेल, पण त्यावरचा उपाय उलटा.

चिऊचे दिवस मग तासांत मोजले गेले. तापाचं औषध वजनाप्रमाणे मोजून. ॲस्पिरिन चुकूनही नाही, विषाणूच्या तापात ते मुलांच्या मेंदूला आणि यकृताला घातक ठरू शकतं. पापण्या चिकटल्या की उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेला कापूस, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा, हलक्या हाताने. हीटरने कोरड्या झालेल्या हवेसाठी ह्युमिडिफायर. पुरळाला फारशी खाज नव्हती, तरी नखं कापून टाकली. अंगावर पावडर नाही, मलम नाही. आणि सतत थोडं थोडं अंगावरचं दूध. ती ओढायला दमली की वाटीत काढून चमच्याने, आणि मधे मधे डॉक्टरांनी सांगितलेलं मीठ-साखरेचं तयार पाणी. एक चमचा, दोन मिनिटं थांबून आणखी एक. ओले डायपर आम्ही कागदावर टिपत होतो. पुरळाकडे बघत बसू नका, श्वासाकडे बघा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तिच्या वयाला मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त श्वास, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जाणं, सहा-आठ तास लघवी नाही, हलवूनही नीट जाग न येणं, फिट येणं, यातलं काहीही झालं तर लगेच इमर्जन्सीत, पण आधी फोन करून. गोवर झालेल्या वीस मुलांमागे एकाला न्यूमोनिया होऊ शकतो आणि मुलं बहुधा त्यानेच जातात.

त्याच बुधवारी संध्याकाळी आरोग्य खात्यातून फोन आला. पुरळ यायच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचे चार दिवस गोवर दुसऱ्याला लागतो. म्हणजे शनिवारपासून. म्हणजे बोरन्हाण त्यात आलं. विमान वाचलं होतं, पण ती अकरा मुलं नाही. त्यांच्या आया, बाबा, आलेले आजी-आजोबा, सगळ्यांची यादी हवी होती.

यादी मी दिली. पण फोन मीही केले, एकेकीला. परक्या माणसाकडून हे कळू नये असं वाटलं. बहुतेक मुलांचे डोस झालेले होते. कुणी धीर दिला, कुणी "बरं, बघतो" म्हणून फोन ठेवला. आमच्या पिढीतल्या अनेकांना भारतात लहानपणी गोवराचा एकच डोस मिळालेला, त्याचीही कार्डं कुणाकडे नव्हती. त्यामुळे मोठी माणसं रक्त तपासायला धावली.

शेवटचा फोन माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीला होता. तिचा मुलगा पाच महिन्यांचा. बोरन्हाणात तिने त्याला चिऊच्या शेजारी दुपट्यावर ठेवला होता. मी बोलले. ती काहीच बोलली नाही. मग इतकंच म्हणाली, "तिला सर्दी आहे, असं तू म्हणाली होतीस."

तिच्या बाळाला लस देता येत नव्हती, तो फार लहान. लागण झाल्यापासून सहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं, ते चौथ्या दिवशी मिळालं. त्याने आजार टळतो किंवा सौम्य होतो, पण लक्षणं उशिराही येऊ शकतात म्हणून अठ्ठावीस दिवस घरात. पाळणाघर बंद, तिची रजा संपली, बिनपगारी झाली. अठ्ठावीस दिवस ती रोज त्याचे कान आणि कपाळ बघत राहिली. रोज संध्याकाळी मी मेसेज करायचे, "कसा आहे?" रोज एका शब्दाचं उत्तर यायचं, "ठीक."

गुरुवारी रात्री चिऊ चमचा तोंडात घेईना. सहा तास डायपर कोरडा. डॉक्टरांच्या नर्सने फोनवर सांगितलं, आणखी एक तास चमच्याने प्रयत्न करा, नाहीतर घेऊन या. मी रडकुंडीला आले होते. आईचा कॉल चालूच होता, फोन उशीला टेकवलेला. तिच्याकडे गुरुवारची रात्र संपून शुक्रवारची सकाळ झाली होती. मी म्हणाले, "आई, पीत नाहीये गं."

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बंडूला मी पाणी दिलं नव्हतं."

आईला एक भाऊ होता आणि तो लहानपणी गेला, एवढंच मला माहीत होतं. १९६१ साल. कऱ्हाडजवळच्या खेड्यातलं घर. बंडू तीन वर्षांचा, आई सात वर्षांची. गोवर आला तसं त्याला माजघरात घोंगडीत गुंडाळून ठेवलं. गार पाणी द्यायचं नाही, गोवर आत दबतो, असं मोठ्यांनी बजावलं होतं. मोठी माणसं शेतावर. आई राखणीला. तो "ताई, पानी" म्हणत होता. "दोन दिवस मागत होता," आई म्हणाली. "तिसऱ्या दिवशी मागायचा थांबला. मला वाटलं, बरं वाटतंय त्याला."

अमेरिकेत गोवराची पहिली लस १९६३ साली आली. भारतात बाळांच्या नेहमीच्या लसीकरणात ती १९८५ नंतर आली. बंडूमामासाठी यातलं काहीच वेळेवर नव्हतं. पण पाणी होतं. मडकं तर त्याच खोलीत होतं.

आई आयुष्यभर शाळेत शिकवत होती. पोलिओच्या डोसांच्या दिवशी घरोघर फिरायची. ती एवढी धावपळ का करते, हे मला कधी कळलं नव्हतं. आणि तरीही बुधवारी तिने मला 'गुंडाळून ठेव' सांगितलं होतं. भीती वाटली की माणूस लहानपणी जे ऐकलं तेच बोलतं.

"तू सात वर्षांची होतीस आई," मी म्हणाले.

"ते राहू दे. तिला पाणी दे. मागण्याची वाट बघू नकोस. ती थुंकली तरी दे. मी बसलेय इथे."

आम्ही तिघं बसलो. नवऱ्याने चिऊला उभं धरलं, मी चमचा गालाच्या कडेने सोडत राहिले आणि आई साताऱ्याहून मोजत राहिली. "एक. हं, गिळलं. दोन." सत्तेचाळिसाव्या चमच्यानंतर चिऊ झोपली. पावणेतीन वाजता डायपर ओला झाला. ओल्या डायपरने एवढा आनंद होतो हे कुणी सांगितलं असतं तर हसले असते. फोन उचलून आईला दाखवला. तिने पदर डोळ्यांना लावला.

रविवारी ताप उतरला. पुरळ आलं त्याच क्रमाने गेलं, आधी चेहरा, मग पोट, शेवटी पाय. मागे तपकिरी डाग राहिले आणि कातडीचा बारीक कोंडा पडला. खोकला पुढे दहा-बारा दिवस रेंगाळला. गोवर गेल्यावरही काही महिने शरीर इतर आजारांपुढे दुबळं राहू शकतं, कारण हा विषाणू प्रतिकारशक्तीची जुनी ओळखच काही अंशी पुसून टाकतो. त्या वसंतात चिऊचा कान दोनदा फुटला. पुढे वेळेवर एमएमआरही दिली, गोवर झाला असला तरी गालगुंड आणि रुबेला राहिलेच होते.

मैत्रिणीच्या बाळाला काही झालं नाही. एकोणतिसाव्या दिवशी ती त्याला घेऊन दारात उभी राहिली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "आता नको. चहा टाक." आमची मैत्री पूर्ववत झाली असं मी म्हणणार नाही. बोरन्हाणाचा फोटो तिने तिच्या फोनमधून काढून टाकलाय हे मला माहीत आहे. मी ठेवलाय.

हल्ली मंडळात कुणी तान्ह्या बाळाला घेऊन भारतात निघालं की बाकीच्या बायका बॅगांची वजनं विचारतात. मी विचारते, "बाळ किती महिन्यांचं? डॉक्टरांना सांगितलंत का? सहा महिन्यांवर असेल तर जादा डोस मिळतो, निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्या. तो हिशेबात धरत नाहीत, वर्षानंतरचे दोन घ्यावेच लागतात. आणि तुमचे स्वतःचे दोन झालेत का?" काही जणींना मी आगाऊ वाटते. वाटू दे.

आई गेल्या उन्हाळ्यात इथे आली होती. चिऊ आता बोलते, अखंड बोलते. एका रात्री तिने आजीला हाक मारली, "आजी, पाणी." मी उठेपर्यंत आई स्वयंपाकघरात पोचली होती. गुडघे दुखतात म्हणून एरवी भिंत धरून चालणारी माझी आई, अंधारात, दिवाही न लावता.